आप्पांचं वाकडं तोंड

त्या वर्षी पाऊस सरून गेल्यावर पुन्हा एकदा आला. बोलावणं नसताना जेवायला आलेल्या पाहुण्यासारखा आला आणि होतं नव्हतं ते खाऊन गेला. भट्टीवाल्याच्या अंगणापलीकडे कच्च्या विटा वाळून रांगेनं रचल्या होत्या. आता भट्टी लावायची, जळण भरायचं आणि पेटवायची, एवढंच राहिलं होतं. दुपारी आभाळ भरलं. वारा असा सुटला की ताडपत्री उडून कुंपणाला जाऊन लटकली. भट्टीवाला, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई अशा तिघांनी मिळून ती ओढून आणेपर्यंत विटांच्या कडा विरघळायला लागल्या होत्या. सकाळी पाहिलं तर रांगेच्या जागी चिखलाचा एक लांबलचक बांध पडला होता.

भट्टीवाल्यानं त्यातली एक वीट दोन्ही हातांनी उचलली. ती मधोमध तुटून त्याच्याच पायावर पडली.

"माती होती, माती झाली," तो म्हणाला आणि फावडं आणायला गेला.

मग तोच चिखल पुन्हा तुडवायचा, पुन्हा साच्यात घालायचा आणि पुन्हा थापायचा, हे काम सुरू झालं. त्याची बायको पोटरीपर्यंत चिखलात उभी राहायची. टाचांच्या भेगांत वाळू जाऊन रोज थोडं रक्त यायचं. पाय धुताना ती ते बघायची आणि वरून पाणी ओतायची.

तिला सासरी सगळे काजळी म्हणत. रंगानं ती उजळ होती, नाव पडलं होतं ते हातांमुळे. भट्टीच्या कामातून वेळ काढून ती कोळशानं माणसांची चित्रं काढायची. कोणाला आपल्या आजीचं चित्र हवं असे, कोणाला वडिलांचं, कोणाला नवराबायको दोघांचं एकत्र. काच लावून भिंतीवर टांगायचं आणि पोराबाळांना दाखवायचं, "हा बघ तुझा पणजोबा." माहेरी असताना, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाताखाली ती हे शिकली होती. माणूस गेलेला असेल तर फोटोवरून काढायची, पण जिवंत असेल तर समोर बसवूनच. कोळसाही तिचा तीच करायची. द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काड्या सोलून पत्र्याच्या डब्यात गच्च भरायच्या, झाकण ओल्या मातीनं लिंपायचं आणि भट्टी लागताना डबा विटांच्या मध्ये सारून द्यायचा. आत हवा गेली नाही की काड्या जळून राख होत नाहीत, नुसत्या काळ्या होऊन भाजून निघतात. तिची सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मुलगा विटा भाजतो, सून काड्या भाजते. आमच्या घरात कच्चं काही राहत नाही. या विटाच तेवढ्या राहिल्या."

असंच एका सकाळी चिखल तुडवणं चाललेलं असताना काजळीचा थोरला भाऊ आला.

तो अंगणात आला नाही. कडेच्या दगडावर उभा राहिला, चपला बरबटू नयेत म्हणून. म्हातारीनं पाणी विचारलं, तो नको म्हणाला. भट्टीवाल्यानं मान वर करून पाहिलं आणि साचा पुन्हा भरायला घेतला. काजळी चिखलातून बाहेर आली नाही. होती तिथेच उभी राहिली.

"आप्पांचं चित्र काढायचंय," थोरला म्हणाला. "मोठं. बाहेरच्या खोलीत लावायला. त्यांचं आता काही सांगता येत नाही."

तिनं एक पाय चिखलातून उपसून पुन्हा रोवला.

"इतरांकडून जे घेतेस ते घे. फुकट नकोय मला. दुसरं कोणी काढणारं इकडे असतं तर..."

"तर आला नसतास."

"नसतो आलो," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि गोड बोलायचीही.

त्या दोघांचं बिनसलं होतं ते मातीवरून. त्यांच्या वडिलांच्या, आप्पांच्या शेताच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे, गाळाच्या मातीचा एक कोपरा होता. विटेला तशी माती आसपास कुठे नव्हती. हातात घेतली की लोण्यासारखी वळायची आणि भाजल्यावर तिची वीट खणखणीत वाजायची. एकदा आप्पा लेकीकडे आले असताना भट्टीवर बसून म्हणाले होते, "लांबून माती कशाला आणता? तो कोपरा घ्या तुम्ही. तिथे नाही तरी काय पिकतंय." ते सगळं तोंडी. पुढे भट्टीवाला कुदळ-फावडं घेऊन गेला तेव्हा थोरला आडवा आला. म्हणाला, आज कोपरा खणाल, उद्या त्याचा खड्डा होईल, परवा वरची माती त्या खड्ड्यात घसरेल, शेत राहील का? त्याचंही म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. शेवटी चार माणसं बसली आणि त्यांनी आप्पांना विचारलं, तुम्ही शब्द दिला होता का? आप्पांनी एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि खाली बघून बोटानं चटईची काडी मोडत बसले. ना हो म्हणाले, ना नाही. मूग गिळून बसले ते बसलेच. काजळी उठून निघून आली. पुढे आप्पांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू पडली, वाचा गेली, तेव्हा ती एकदा जाऊन दारातूनच पाहून आली होती. तेवढंच.

भाऊ गेल्यावर सासू म्हणाली, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. इथे विटा पडल्यात चिखलात, आणि याला चित्र पाहिजे."

काजळीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो साच्यातली माती तारेनं सपाट करत होता. म्हणाला, "चित्र तुझं काम आहे. मातीचं भांडण माझं. दोन्ही एका घमेल्यात घालू नकोस." थोडं थांबून म्हणाला, "आणि आत्ता घरात काहीतरी यायला हवं, हेही आहेच."

दुसऱ्या दिवशी ती फळी, कागदाची गुंडाळी आणि काड्यांचा डबा घेऊन माहेरी गेली.

घर तेच होतं, फक्त भिंतींना नुकताच चुना दिला होता. वहिनी वाईट नव्हती, पण तो चुना तिनं स्वतःच्या हातानं लावला होता. तिनं मागच्या पडवीत गोणपाट अंथरलं, त्यावर एक स्टूल ठेवलं, हात पुसायला जुनं फडकं दिलं आणि म्हणाली, "वन्सं, भिंतीला हात लावू नका हं. आणि पाणी प्यायचं झालं तर हाक मारा, मी देईन. माठाला काळं लागतं." काजळीनं बरं म्हटलं. ज्या घरात ती रांगायला शिकली त्या घरात ती हात जवळ धरून बसली.

आप्पांना धरून आणलं आणि हाताच्या खुर्चीत बसवलं. पाठीला उशी, उजव्या हाताखाली घडी केलेली चादर, गळ्यात रुमाल. उजेड डावीकडून येत होता. चेहऱ्याची डावी बाजू तशीच होती, कष्टकऱ्याची, उन्हानं रापलेली, कपाळावर नांगरटीसारख्या आठ्या. उजवी बाजू मात्र कोणीतरी खालून दोरीनं ओढावी तशी उतरली होती. डोळा अर्धा मिटलेला, गाल सैल, ओठाचा कोपरा खाली आणि त्यातून येणारी लाळ. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. तिनं कागद फळीवर ताणून बसवला आणि डोक्याचा आकार टाकला.

पहिले काही दिवस डोकं, कपाळ आणि कान यांत गेले. म्हाताऱ्या माणसाचे कान मोठे असतात, ते नीट काढले की अर्धं चित्र झालं, असं तो पाट्या रंगवणारा म्हणायचा. मग डोळे. मग मान, तिच्यावरच्या सुटलेल्या कातडीसकट. आप्पांना मधूनच झोप लागायची आणि डोकं कलायचं. ती उठून हातानं सरळ करायची आणि पुन्हा स्टुलावर बसायची. पाठ दुखायची, पण चिखल तुडवण्यापेक्षा बरं होतं. दुपारी थोरला शेतावरून यायचा, पाय धुऊन पडवीत यायचा, आणि वहिनी काजळीला आत बोलवायची, "चला, तुम्ही जेवून घ्या तोवर. त्यांचं भरवणं व्हायला वेळ लागतो." ती स्वयंपाकघरात भिंतीपासून चार हात दूर बसून जेवायची. ती परत येईपर्यंत आप्पांचं तोंड पुसलेलं असायचं आणि थोरला पुन्हा शेतावर निघालेला असायचा. दोघं एकमेकांना ओलांडून जायची, उंबरठ्याशी, न बोलता.

तोंड तिनं शेवटी ठेवलं होतं. एका दुपारी वहिनी मागे कपडे वाळत घालत होती, आसपास कोणी नव्हतं. कोळसा ओठांच्या जागी टेकवला आणि काजळीच्यानं राहवेना.

"आप्पा," ती म्हणाली, "त्या दिवशी बोलला का नाहीत? तेव्हा तर वाचा होती तुमची."

आप्पांनी डावा डोळा तिच्यावर धरला. घशातून एक आवाज आला, अ आणि आ यांच्या मधला. मग त्यांनी डावा हात उचलला, पुढे झुकून तिचं मनगट धरलं आणि तो आवाज पुन्हा काढला, या वेळी लांब. त्यात काय होतं, हो होतं, नाही होतं, का मला पाणी दे होतं, तिला समजेना. तिनं शेजारचं पाण्याचं भांडं त्यांच्या तोंडाला लावलं. त्यांनी मान फिरवली. हात सोडला आणि त्याच हातानं तोंड पुसलं. तिच्या मनगटावरचा कोळसा त्यांच्या बोटांना लागला होता. ओठांपासून हनुवटीपर्यंत काळा पट्टा उठला.

ती फडकं भिजवायला उठली आणि तेवढ्यात थोरला दारात आला. विसरलेला विळा न्यायला आला होता. त्यानं आप्पांचं तोंड पाहिलं.

"तोंडाला काळं फासायला बोलावलं नव्हतं तुला," तो म्हणाला.

त्यानं तिच्या हातातलं फडकं घेतलं, गुडघ्यावर बसला आणि आप्पांची हनुवटी पुसली. हलक्या हातानं, आधी वरून खाली आणि मग कडेनं. पुसून झाल्यावर फडकं तिच्या स्टुलावर ठेवून विळा घेऊन गेला.

त्या रागात म्हणा, कशात म्हणा, तिनं तोंड काढलं. उतरलेला कोपरा, त्याच्या खालची ओली चकाकी, खालच्या ओठाचा बाहेर आलेला काठ, आणि डावीकडचा ओठ, जो अजूनही घट्ट धरून ठेवत होता. काढून झाल्यावर ती दूर जाऊन उभी राहिली. आजवर काढलेल्या तोंडांत ते सगळ्यात बरं उतरलं होतं, हे तिला कळलं. कोणाला सांगण्यासारखं मात्र ते नव्हतं.

संध्याकाळच्या उजेडात थोरल्यानं चित्र पाहिलं. वहिनीनं पाहिलं आणि म्हणाली, "बाई गं, अगदी तस्सेच," आणि नवऱ्याकडे बघून गप्प झाली.

"तोंड सरळ कर," तो म्हणाला.

"समोर जे आहे ते काढलंय मी."

"समोर काय आहे ते मला रोज दिसतं. ते भिंतीवर कशाला? माझी नातवंडं बघतील आणि म्हणतील, आपला पणजोबा असा होता. असे होते का आप्पा? विहिरीवर उभे राहून हाक मारली तर ओढ्यापलीकडचा माणूस थांबायचा. ते काढ."

"ते मी बघून नाही काढू शकत."

त्यानं कपाटातून एक फोटो आणला. विहीर बांधून झाली तेव्हाचा. पाचसहा माणसं ओळीनं उभी, त्यात आप्पा, ओठ मिटलेले, मान ताठ. तोंड तिळाएवढं.

गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे तिचं नेहमीचं. कोणी म्हणे आईचं नाक जरा लहान कर, ती करायची. कोणी म्हणे बापाच्या डोक्यावर केस घाल, ती घालायची. भाऊ गिऱ्हाईक म्हणून आला होता, तेव्हा हे गिऱ्हाइकाचंच म्हणणं. सकाळी तिनं वहिनीकडून शिळा पाव मागून घेतला. त्याचा मऊ गर बोटांनी मळून गोळी केली आणि ती ओठांवर दाबून दाबून उचलायला लागली. कोळसा पावाला चिकटून वर यायचा. गोळी काळी झाली की दुसरी. खुर्चीत आप्पा बघत होते. आपलं तोंड कागदावरून निघून चाललंय हे त्यांना समजत होतं का, कोण जाणे.

सरळ तोंड काढायला सोपं. एक रेघ, तिच्याखाली सावली, कडेला दोन खळगे. दुपारच्या जेवणाआधी झालंसुद्धा. थोरल्यानं पाहिलं आणि पहिल्यांदा त्याचे खांदे सैल झाले. "हे आप्पा," तो म्हणाला. चित्र उचलून त्यानं खुर्चीसमोर धरलं. आप्पांनी चित्राकडे असं पाहिलं जसं वाट चुकून दारात आलेल्या परक्याकडे पाहावं, आणि मग त्यांची नजर खिडकीकडे गेली.

काजळीनं साय काढलेल्या दुधात पाणी घालून त्याचा बारीक फवारा कागदावर मारला, म्हणजे कोळसा बसतो, हाताला लागत नाही, आणि मग पुसूही म्हटलं तर पुसत नाही. वाळल्यावर ठरलेले पैसे घेऊन ती निघाली. वहिनीनं जाताना एका पिशवीत थोडं धान्य घालून दिलं, भावाच्या मागे, हळूच. स्टुलाखालचं गोणपाटही झटकून तिनं लगेच उचललं.

घरी विटा पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. भट्टी उशिरा लागली, पण लागली. सगळ्या विटा चांगल्या निघाल्या नाहीत, कडेच्या थोड्या कच्च्या राहिल्या, त्या कमी भावानं गेल्या. सासूनं त्या रचून मागे कोंबड्यांना खुराडं बांधून घेतलं आणि म्हणाली, बरं झालं, नाहीतर कोंबड्यांना कुठलं पक्कं घर.

उन्हाळा संपता संपता आप्पा गेले.

काजळी माहेरी गेली, दोन दिवस राहिली, वहिनीबरोबर घर आवरलं. बाहेरच्या खोलीत चित्र लागलं होतं, काचेत. भेटायला येणारा प्रत्येकजण त्याच्यासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "हुबेहूब. आता बोलतील असं वाटतं." तिचं कौतुक व्हायचं. ती मान डोलवायची. थोरला तिच्याशी कामापुरतं बोलला, कोणाला काय निरोप द्यायचा, कोण कधी येणार, तेवढं. मातीचा विषय त्यानं काढला नाही, तिनंही नाही. निघताना वहिनी दारापर्यंत आली आणि म्हणाली, "ह्यांना दुपारी करमत नाही हो. शेतावरून येतात, पाय धुतात, पडवीत जातात आणि उभेच राहतात."

पुढचा हंगाम आला. एका दुपारी भट्टीवाला जळण आणायला गेला होता. काजळी ओसरीवर एका गेलेल्या जोडप्याचं चित्र फोटोवरून काढत बसली होती, सासू शेजारी शेंगा सोलत होती. थोरला आला. या वेळी दगडावर थांबला नाही, सरळ ओसरीपर्यंत आला. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते भिंतीला टेकवून सोडलं. आप्पांचं चित्र.

"हे पुसता येईल का?" त्यानं विचारलं.

"नाही. दुधाचं पाणी मारलंय त्यावर. काय पुसायचंय?"

"तोंड."

तिनं काडी खाली ठेवली.

"मीच सांगितलं होतं सरळ करायला," तो म्हणाला. "माहीत आहे मला." तो ओसरीच्या कडेला टेकला. बोलायचं तर होतं पण कसं बोलायचं ते ठरवून आला नसावा. "चित्रातला माणूस चांगला आहे हा. पण हा आप्पा विहीर बांधली तेव्हाचा आहे. तेव्हा ते माझ्याशी धड बोलायचे नाहीत. शेतात काही चुकलं की पाठ फिरवायचे, झालं. हा इथून बघतो ना, तसंच बघायचे. आणि मी ज्याला दोन वर्षं भरवलं, तो कुठेच नाही. घरात नाही आणि भिंतीवरही नाही. ते तोंड मला परत काढून दे."

सासूनं शेंगा सोलणं थांबवलं नाही, पण आवाज न करता सोलायला लागली.

काजळीनं जोडप्याचं चित्र बाजूला ठेवलं. कोरा कागद फळीवर लावला आणि काडी हातात घेतली. मग तिच्या लक्षात आलं की तिला ते तोंड आठवत नाही. कोपरा खाली होता, लाळ होती, हे सगळं सांगता येत होतं. पण हाताला आठवत नव्हतं. पावानं उचलताना ते हातातूनही निघून गेलं होतं. तिनं ते तसंच भावाला सांगितलं.

"मी सांगतो," तो म्हणाला.

तिनं कागदाच्या कोपऱ्यात एक तोंड काढलं. तो म्हणाला, इतकं नाही, हे रागावल्यासारखं दिसतं. दुसरं काढलं. हे हसल्यासारखं. तिसरं त्याला कोणा दुसऱ्याच म्हाताऱ्याचं वाटलं. तिला घाम आला. तिला वाटायला लागलं की याला नक्की काय हवंय हे यालाच ठाऊक नाही. त्याला वाटायला लागलं असावं की ही मुद्दाम करतेय. क्षणभर दोघं तशीच बसली, ओठ आवळून. सासू बघत होती. नंतर तिनं सुनेला सांगितलं की तुम्ही दोघं तेव्हा अगदी एका साच्यातून काढल्यासारखी दिसत होता.

मातीचं म्हणाल तर ते पुढे मिटलं, पण असं बसून, रडून मिटलं नाही. चार माणसं पुन्हा बसली. वरचा थर बाजूला काढून ठेवायचा, खालची माती हातभर घ्यायची, आणि तो थर पुन्हा पसरून जमीन सपाट करून द्यायची, असं ठरलं. थोरल्याला ते फार वाटलं आणि भट्टीवाल्याला थोडं. दोघंही अजून कुरकुरतात. पण ते पुढचं. त्या दुपारी मातीचं नावही निघालं नाही.

"तुला मी कसं सांगू?" थोरला म्हणाला. "तू जेवायला आत जायचीस ना, तेव्हाचं आहे ते. पेज गार करून चमचा पुढे नेला की ते आधी बघायचे, मग..."

बोलता बोलता त्यानं हात उचलला. चिमटीत चमचा धरावा तशी बोटं झाली, हात पुढे गेला, आणि त्याचं स्वतःचं तोंड उघडलं. लहान मुलाला भरवताना आईचं उघडतं तसं, न सांगता. खालचा ओठ पुढे आला, एक कोपरा सैल पडून खाली गेला, दुसरा घट्ट राहिला. मान थोडी पुढे झाली, घासाला सामोरी. दोन वर्षं रोज तो समोरच्या तोंडाबरोबर आपलं तोंड उघडत होता आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता.

काजळीला ते तोंड ओळखू आलं.

"हलू नकोस," ती म्हणाली.

त्याला कळलं आपण काय करतोय ते. कानापर्यंत लाल झाला. तोंड मिटायला गेला, आणि तिचा चेहरा पाहून मिटलं नाही. हात हवेत तसाच राहिला. सासूनं शेंगांची टोपली बाजूला सारली, पाट उभा करून त्याच्या कोपराखाली दिला आणि आत निघून गेली.

काजळीनं नवा कागद घेतला. समोर बसून भरवणाऱ्याचं तोंड आरशातल्यासारखं उलटं होतं, डावीकडचं उजवीकडे. ते तिनं मनातल्या मनात फिरवून घेतलं. आधी घट्ट बाजू काढली, मग सैल. ओठाचा काठ. हनुवटीवरचा ताण. एरवी ती गिऱ्हाइकाला मधून मधून विसावा द्यायची, तो आज द्यायचा तिला सुचला नाही आणि त्यानंही मागितला नाही. बाहेर कोणीतरी हाक मारत गेलं. उन्हाची तिरीप ओसरीवर सरकली. उघड्या तोंडानं बसून बसून थोरल्याच्या ओठाच्या कोपऱ्यात लाळ जमली आणि हळूहळू खाली उतरायला लागली. त्यानं दुसऱ्या हातानं ती पुसायला घेतली.

"राहू दे," ती म्हणाली, आणि तीही काढली.